दोरी ओढली की काय होते?

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी आमच्या कार्यालयात एक तरुण आला. जयभीम केला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ नुसता छत्रीचे पाणी निथळताना पाहत राहिला.

त्याचे आजोबा परळला एका गिरणीत त्रासन खात्यात होते. वडील पिंपरीला एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले. हा डिप्लोमा करून चाकणच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि मागच्या वर्षी सुपरवायझर झाला. तीन पिढ्यांत पहिल्यांदा या घरातल्या कोणाच्या तरी हाताखाली माणसे आली. एकोणीस माणसे. आईने आळीत पेढे वाटले.

तक्रार अशी होती. एका पाळीत ड्रिलिंगचे फिक्श्चर किंचित सरकले आणि दोनशेहून अधिक नग चुकीच्या जागी भोक पडून पुढे गेले. ज्या कंपनीला माल जातो तिने सगळा माल परत पाठवला. वरच्या साहेबांनी याला केबिनमध्ये बोलावले आणि एकच प्रश्न विचारला, ‘नाव सांग.’ याने नाव सांगितले. त्या खात्यातला सर्वांत जुना हेल्पर, पन्नाशी उलटलेला, याच्याच आळीतला, याच्या वडिलांना ‘दादा’ म्हणणारा. मेमोवर सही याची. त्या रात्री वडील काही बोलले नाहीत. जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

‘सर, तुम्ही पेपरात इतक्या विषयांवर लिहिता. माणसं सांभाळायची कशी, यावर एकदा लिहा ना,’ तो म्हणाला. ‘मला वरून शिव्या आणि खालून अबोला. आणि हे शिकवलं कुणीच नाही.’

हे शेवटचे वाक्य आम्हाला लागले. खरेच, कोण शिकवणार? आपल्या घरांत हुकूम घेणारी माणसे झाली, हुकूम देणारी फारशी झाली नाहीत. आपल्या आज्या-आजोबांनी ‘वरचा माणूस’ पाहिला तो गिरणीतला जॉबर. कामावर घ्यायचे की नाही हे जॉबर ठरवणार, बदली कोणाला मिळणार हे तोच ठरवणार, दस्तुरी त्याच्या हातावर ठेवायची, अडीनडीला कर्जही त्याच्याकडूनच काढायचे आणि व्याजासाठी शिव्याही त्याच्याच खायच्या. बाया ज्या खात्यात असत तिथे नायकीण असे, तिचाही खाक्या तोच. वरचा माणूस म्हणजे ज्याला घाबरायचे तो, ही समजूत आपल्या हाडात मुरली ती अशी. आता आपली मुले सुपरवायझर होत आहेत, बँकेत शाखाधिकारी होत आहेत, मुली कॉल सेंटरमध्ये टीम लीडर होत आहेत, वस्तीतल्या बायका बचत गटाच्या अध्यक्ष होत आहेत. खुर्ची नवी मिळाली, पण त्या खुर्चीवर कसे बसायचे याचा नमुना डोळ्यांसमोर कुठला? तर तोच जुना जॉबर.

पुस्तकांच्या दुकानात या विषयावर पुस्तके ढिगाने आहेत. आम्ही काही चाळली. मुखपृष्ठावर सिंह किंवा डोंगराच्या टोकावर उभा राहिलेला टायवाला माणूस, आणि आत यशाची अमुक इतकी सूत्रे. त्या सूत्रांत एकही कामगार बोलताना दिसत नाही. म्हणून आम्ही सूत्रे सांगत बसणार नाही. एका कारखान्याची खरीखुरी हकीकत सांगतो. कारखाना अमेरिकेतला, शिकवणारे जपानी, पण गोष्टीची सुरुवात मात्र आपल्या ओळखीच्या वस्तूपासून होते. मागापासून.

धागा तुटला की माग थांबतो

जपानमध्ये १८६७ साली एका सुताराच्या घरी साकिची टोयोडा नावाचा मुलगा जन्मला. आईला हातमागावर राबताना त्याने लहानपणी पाहिले होते आणि माग सुधारायचा ध्यास त्याने घेतला. त्याने बनवलेल्या यंत्रमागाची खुबी ही होती, की बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. वरवर पाहता एवढीशी गोष्ट. पण आधी काय होत असे? धागा तुटलेला असताना माग तसाच चालत राही, वारच्या वार कापड खराब निघे, आणि मग कापड तपासणारा येऊन कामगाराचा पगार कापे. थांबणारा माग आला तेव्हा वाईट कापड निघणेच बंद झाले. साकिचीचा १९२४ सालचा स्वयंचलित माग इतका नावाजला गेला, की इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या बड्या कंपनीने १९२९ साली त्याचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारीच्या मागे लागला होता. टोयोटा मोटार कंपनी १९३७ साली उभी राहिली ती या मागाच्या घराण्यातून.

माग म्हटले की आम्हाला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात आपल्या माणसांना शिरकाव नव्हता. धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाला लागलेला धागा इतरांना चालत नसे. साळखात्यात पगार जास्त, म्हणून ते खाते बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपपुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. आणि तो संप तरी कशासाठी होता? एकेका कामगाराकडे जास्त माग, जास्त साचे सोपवून माणसे कमी करण्याच्या मालकांच्या योजनेविरुद्ध. आपोआप थांबणाऱ्या मागाचाही हा दुसरा चेहरा आहेच. त्यामुळे एकच माणूस एका वेळी कितीतरी माग पाहू शके. यंत्राचे कौतुक करताना कामगाराच्या घरातल्या माणसाने हे विसरू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कंपनी बुडायच्या बेतात आली. १९५० साली माणसे कमी करण्यावरून मोठा संप झाला. सुमारे दोन हजार लोकांना कंपनी सोडावी लागली. पण त्याच वेळी कंपनीचा अध्यक्ष, संस्थापक किइचिरो टोयोडा, याने जबाबदारी आपल्यावर घेऊन राजीनामा दिला. कामगारांची चूल विझत असेल तर मालकाने आपली खुर्ची सोडायची, हा प्रकार आम्ही आपल्याकडे फारसा ऐकलेला नाही. तो संप कंपनीच्या हाडात राहिला. पुढे कारखान्याची पद्धत बसवणारा ताइची ओनो हासुद्धा मोटारीचा माणूस नव्हे. तो १९३२ साली टोयोडांच्या कापड गिरणीत लागला होता आणि १९४३ साली मोटारीकडे आला. धागा तुटला की थांबायचे, ही मागाची रीत त्याने माणसांच्या हाती दिली.

फ्रिमाँटची ‘वाया गेलेली’ माणसे

आता अमेरिकेत येऊ. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताशेजारी फ्रिमाँट नावाचे गाव आहे. तिथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना साठच्या दशकापासून होता आणि १९८२ साली तो बंद पडला. अमेरिकेतले सर्वांत बिघडलेले कामगार इथले, अशी त्याची ख्याती. कामावर दारू चाले. गैरहजेरी शेकडा वीसच्या घरात. सोमवारी माणसे इतकी कमी येत, की ओळ सुरू करायला समोरच्या दारूच्या गुत्त्यातून माणसे गोळा करून आणावी लागत. युनियनकडे हजारो तक्रारी तुंबलेल्या. रागाने कोणी गाडीच्या दरवाजाच्या पत्र्यात रिकामी बाटली टाकून ठेवी. गिऱ्हाइकाला ती जन्मभर खडखडत ऐकू येई आणि खडखड कुठून येते ते सापडत नसे.

हे झाले कामगारांचे. पण त्या कारखान्याचा कायदा काय होता? ओळ थांबता कामा नये. काही झाले तरी नाही. ओळ थांबवायचा अधिकार कामगाराला नव्हताच. एखाद्या गाडीला चुकीचा भाग लागला तर लागू दे, ती पुढे ढकलायची, मग ती अंगणात उभी राहील आणि तिथे कोणीतरी दुरुस्त करील. अंगण अशा गाड्यांनी भरलेले असे. तिथला एक माणूस खड्ड्यात पडला तरी ओळ थांबली नव्हती, अशी आठवण एका जुन्या कामगाराने पुढे एका रेडिओ कार्यक्रमात सांगितली. ज्या ठिकाणी माणूस पडला तरी पट्टा थांबत नाही, तिथे माणसाने दरवाजात बाटली का टाकली, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

टोयोटाला अमेरिकेत पाय रोवायचे होते आणि जनरल मोटर्सला छोटी गाडी फायद्यात बनवायला शिकायचे होते. दोघांनी मिळून १९८४ साली त्याच बंद कारखान्यात नवी कंपनी काढली, तिचे नाव ‘नुमी’. युनियनशी बोलणी झाली आणि ठरले, की जुनेच कामगार परत घ्यायचे. सुरुवातीला भरलेल्या कामगारांत शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास जुन्याच कारखान्यातले होते. तीच माणसे, तीच युनियन, तेच छप्पर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर आली.

त्याआधी एक गोष्ट केली होती. टीम लीडर आणि ग्रुप लीडर नेमलेल्या सुमारे ४५० जणांना तीन-तीन आठवड्यांसाठी जपानला टोयोटाच्या कारखान्यात शिकायला पाठवले. मॅनेजरांना नव्हे, ओळीवरच्या माणसांना. तिथे ते जपानी कामगारांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अमेरिकन माणूस मागे पडला की शेजारचा जपानी येऊन विचारी, मदत करू का? आयुष्यभर कारखान्यात घालवलेल्या त्या माणसांना हा प्रश्न कामावर कोणी कधी विचारला नव्हता. निरोपाच्या दिवशी कित्येक जण रडले म्हणतात.

पिवळा दिवा

आता दोरीचे सांगतो, कारण सारी गोष्ट तिच्यात आहे.

ओळीच्या बाजूने डोक्यावरून एक दोरी गेलेली असे. कामगाराला काही चुकते आहे असे वाटले, नट बसत नाही, भाग वाकडा आला, किंवा नुसते मागे पडलो, तरी त्याने ती ओढायची. ओढली की वरच्या फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागे आणि एक धून वाजू लागे. गाडी मात्र लगेच थांबत नसे. टीम लीडर धावत येई. जमिनीवर एक खूण केलेली असे. गाडी त्या खुणेपर्यंत जाण्याच्या आत अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढायची, धून बंद, काम पुढे चालू. नाही सुटली तर ओळ थांबे.

साधी दोरी. आता कित्येक ठिकाणी तिच्या जागी बटण आले आहे. पण खुबी दोरीत नाही, दोरी ओढल्यावर धावत येणारा माणूस काय म्हणतो यात आहे. तो ‘कोणी केले?’ असे विचारत आला, तर दुसऱ्या दिवसापासून दोरी कोणी ओढणार नाही. तिच्यावर धूळ बसेल. नुमीत येणारा विचारी, ‘काय झाले?’ आणि मग, ‘का झाले?’ ओनोची शिकवण अशी, की ‘का’ हा प्रश्न एकदा नव्हे, पाच-पाच वेळा विचारावा. नट का बसला नाही? आटे खराब होते. आटे का खराब? हत्यार झिजले होते. हत्यार झिजलेले का वापरले? बदलायची तारीखच कुठे लिहिलेली नव्हती. तारीख लिहायचे काम कोणाकडे होते? कोणाकडेच नव्हते. एवढे खाली उतरल्यावर कामगाराचे नाव कुठल्या कुठे मागे राहते आणि खरे काम हाती लागते. ‘कोण’ विचारले की एक मेमो निघतो. चूक मात्र जागच्या जागी राहते आणि पुढच्या पाळीत पुन्हा घडते.

टीम म्हणजे पाच ते सात माणसे आणि त्यांचा एक लीडर. अशा चारेक टीम मिळून एक ग्रुप. हा टीम लीडर म्हणजे साहेब नव्हे. तो युनियनचाच सभासद, तासाच्या पगारावरचा. त्याचे काम काय? टीममधली सगळी कामे त्याला स्वतःला यायला हवीत. कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभे राहायचे, कोणाला बाहेर जायचे असेल तर त्याला सोडवायचे, नव्याला शिकवायचे, आणि दोरी ओढली गेली की धावायचे. पाच-सहा माणसांमागे एक मोकळा माणूस ठेवणे हा कंपनीला खर्च असतो. आपल्याकडचे मालक नेमका हाच खर्च वाचवतात, एका सुपरवायझरच्या गळ्यात वीस-वीस माणसे बांधतात आणि मग ‘लीडरशिप’चे व्याख्यान ठेवतात.

जुन्या कारखान्यात घड्याळ लावून कामाचा वेग ठरवणारे इंजिनिअर असत, आणि ते दिसले की कामगार मुद्दाम हळू काम करीत. नुमीत ते घड्याळ कामगारांच्याच हाती दिले. आपले काम कसे करायचे, कुठला हात आधी, कुठले हत्यार कुठे, हे टीमने स्वतः मोजायचे, लिहायचे आणि सुधारायचे. १९९१ साली या कामगारांनी दहा हजारांहून अधिक सूचना केल्या आणि त्यांतल्या शेकडा ऐंशींहून जास्त अमलात आल्या. उत्पादन खात्यातल्या ऐंशी प्रकारच्या हुद्द्यांऐवजी एकच हुद्दा राहिला. साहेबांचे वेगळे कॅन्टीन आणि वेगळे पार्किंग गेले.

परिणाम असा. १९८६-८७ च्या सुमारास अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेच्या अभ्यासकांनी मोजले, तेव्हा जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात एक गाडी जोडायला ३१ तास लागत होते, जपानच्या ताकाओका कारखान्यात १६, आणि नुमीत १९. शंभर गाड्यांमागे दोष फ्रॅमिंगहॅमला १३५, ताकाओका आणि नुमीला प्रत्येकी ४५. गैरहजेरी शेकडा तीन-चारवर आली. दारूच्या गुत्त्यातून माणसे आणावी लागणारा हाच तो कारखाना.

गॅरी कॉन्व्हिस म्हणून एक अमेरिकन मॅनेजर फोर्ड कंपनीतून तिथे आले होते. त्यांना बढती मिळाली तेव्हा नुमीचे जपानी अध्यक्ष कान हिगाशी यांनी त्यांना सांगितले होते, की हाती काहीच अधिकार नाही असे समजून कारखाना चालवायचा, हीच तुमची खरी कसोटी. आम्ही हे त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो कडू हसला. म्हणाला, ‘सर, माझ्या हातात खरोखरच अधिकार नाही. फक्त सही आहे.’

शब्द पाळल्याचा दिवस

दोरी, टीम, सूचना, हे सारे पोकळ ठरले असते जर १९८८ आले नसते. युनियनशी केलेल्या करारात कंपनीने लिहून दिले होते, की अगदी अस्तित्वावरच बेतल्याशिवाय कोणाला घरी बसवणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी मॅनेजरांचे पगार कापू, बाहेर दिलेले काम आत आणू. १९८७-८८ मध्ये गाडीचा खप पडला. कारखाना साठ टक्के क्षमतेवर आला. जुन्या कारखान्यात हजारो घरी गेले असते. इथे एकालाही काढले नाही. रिकाम्या माणसांना शिक्षण दिले, सुधारणेच्या कामांना लावले. कामगारांनी आधी तीन-चार वर्षे डोळ्यांत तेल घालून पाहिले होते, हे लोक बोलतात ते करतात का. त्या वर्षी त्यांना उत्तर मिळाले. आपली सूचना दिली आणि तिच्यामुळे आपल्याच दोस्ताची नोकरी गेली, ही भीती असेल तिथे सूचनेच्या पेटीत कागद पडत नाही. चाकण, भोसरी, रांजणगावला कित्येक कंपन्यांत भिंतीवर ‘काइझेन’चे रंगीत फलक आहेत, ‘फाइव्ह एस’च्या शपथा आहेत. खाली उभी असलेली निम्मी माणसे ठेकेदाराची. अकराव्या महिन्यात ज्याला ब्रेक मिळणार तो कारखाना सुधारायच्या सूचना कशाला देईल?

सगळे गोडच होते असे नाही. जुन्या काळात मिनिटातले पंचेचाळीस सेकंद काम असे, नुमीत सत्तावन्न. म्हणजे अंग मोडून काम. युनियनमध्ये विरोधी गट होता आणि ही पद्धत म्हणजे माणसाला ताणून चालवायची युक्ती आहे, असे म्हणणारे अमेरिकन कामगार कार्यकर्तेही होते. १९९३ च्या सुमारास नवे मॉडेल आले तेव्हा हात-खांद्यांची दुखणी इतकी वाढली, की कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा खात्याने कंपनीवर ठपका ठेवला. त्यानंतर कामे नव्याने आखावी लागली. माणसाचा मान राखला म्हणून त्याचा खांदा दुखायचा थांबत नाही. टोयोटाचे नाव असले की सगळे आपोआप ठीक होते असेही नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बिडदीला टोयोटाचा कारखाना आहे, तिथे २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कामगारांशी वाद होऊन टाळेबंदी झाली.

आणि जनरल मोटर्सचे काय? शिकायला आली होती ना? तिने आपले मॅनेजर नुमीत पाठवले, ते शिकलेही. पण परत गेल्यावर त्यांचे कोणी ऐकेना. एका मॅनेजरला तर सांगितले होते, की नुमीचा इंच न् इंच फोटोत उतरवून आण, म्हणजे आपण तसाच कारखाना करू. फोटोत दोरी आली. दोरी ओढल्यावर साहेबांच्या कपाळावर आठी पडते की नाही, ते फोटोत येत नाही. कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइसच्या कारखान्यात हीच पद्धत बसवायचा प्रयत्न झाला, पण मॅनेजरांची बढती अजून किती गाड्या बाहेर काढल्या यावरच होती, आणि जुन्या हक्कांवर पाणी सोडायला कामगारही तयार नव्हते. तो कारखाना १९९२ साली बंद झाला. २००९ साली खुद्द जनरल मोटर्सने दिवाळे काढले आणि नुमीतून अंग काढून घेतले. मग टोयोटानेही हात आखडता घेतला. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची गाडी बाहेर पडली आणि सुमारे ४,७०० माणसे घरी गेली. पंचवीस वर्षांत त्यांनी जवळजवळ ८० लाख गाड्या बनवल्या होत्या. ‘काढणार नाही’ हा शब्द एका मंदीला पुरला, कंपनीच्या मरणाला पुरला नाही. त्याच वर्षी ती इमारत टेस्लाने घेतली.

हे सगळे त्या तरुणाला आम्ही दोन-तीन बैठकांत सांगितले. तो वहीत लिहून घेई. एकदा मध्येच म्हणाला, ‘पण सर, माझी कंपनी टोयोटा नाही. माझ्याकडे दोरी नाही.’ आम्ही म्हटले, ‘फिक्श्चर का सरकले ते तू विचारलेस का?’ तो गप्प झाला.

दिवाळीनंतर तो पुन्हा आला. त्याने विचारले होते. फिक्श्चरचा क्लॅम्प महिन्यापूर्वीपासून सैल होता. मेंटेनन्सला तोंडी सांगितले होते, चिठ्ठी कोणी लिहिली नव्हती, कारण चिठ्ठीवर सुपरवायझरची सही लागते आणि आधीचा सुपरवायझर चिठ्ठ्यांवर सही करत नसे, वर आपले नाव खराब होते म्हणून. तोंडी सांगितले कोणी होते? त्याच पन्नाशीच्या हेल्परने. दोनदा.

आता पाळी सुरू व्हायच्या आधी हा दहा मिनिटे लवकर जातो आणि मशीनपाशी उभा राहून एकेकाला विचारतो, काल काय अडले? पहिले आठ दिवस कोणी बोलले नाही. नवव्या दिवशी एका मुलाने कूलंटचा वास येतो म्हणून सांगितले. याने तिथेच चिठ्ठी लिहून सही केली. आता रोज दोन-तीन चिठ्ठ्या जातात, मेंटेनन्सवाले वैतागले आहेत. तो हेल्पर मात्र अजून कामापुरतेच बोलतो, ‘साहेब’ म्हणतो. पूर्वी नावाने हाक मारायचा.

मेमो मागे घ्यावा, चूक आपली होती, असा अर्ज त्याने वर दिला आहे. वडिलांना दाखवूनच दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, आणि एका ठिकाणी ‘हेल्पर’च्या पुढे त्या माणसाचे पूर्ण नाव घालायला सांगितले. कंपनीकडून अजून उत्तर आलेले नाही.